चाळणीत राहिलेली गाठ

मी एक जुनी चाळण आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगते, माझा कुणावर काडीचा विश्वास नाही. माझा जन्मच तसा. पत्रेवाल्याने कडं वळवून त्यात जाळी ठोकली आणि चर्चच्या राखणदाराच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, मला घरी आणलं. पिठातली अळी असो की रव्यातला खडा, मी कुणाला सोडलं नाही. "हिच्या नजरेतून काही सुटत नाही हो," असं काकू शेजारणींना कौतुकाने सांगायच्या.

पुढे जाळी एका बाजूला सैल झाली आणि माझी रवानगी चर्चच्या मागच्या खोलीत झाली. आता वर्षातून एकदाच काम. आदल्या वर्षी ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी लोकांनी चर्चमधून घरी नेलेली झावळ्यांची पाती परत येतात, जुन्या डब्यात जाळली जातात आणि ती राख मी चाळते. उपवासकाळ सुरू होतो त्या बुधवारी फादर ती सगळ्यांच्या कपाळाला लावतात. माणूस मातीचा, मातीतच जाणार, याची आठवण म्हणून. बाकीचे दिवस मी खिळ्यावर धूळ खात असते.

यंदा काकू नव्हत्या. दोन महिन्यांपूर्वीच गेल्या. राखणदार लेकीला घेऊन आला तो एक मूठ घट्ट आवळून. मला लगेच शंका आली. काय लपवतोय हा?

सगळी पाती जळत आली तरी मूठ उघडेना. शेवटी लेकीनेच ती उघडली. आत काकूंनी पातीचा विणलेला क्रूस होता, मध्ये त्यांची खास दुहेरी गाठ.

"बाबा, आईच्या हातचं शेवटचं आहे हे. ठेवा ना घरी."

"अगं, लोकांच्या दारात जाऊन त्यांची पाती मागून आणली मी. आता आपलं तेवढं लपवू? शोभतं का?"

त्याने क्रूस आगीत टाकला. राख निवल्यावर माझ्यात ओतली, मला हलवलं. सगळं खाली गेलं. गाठ तेवढी वर राहिली, काळी, अर्धवट जळलेली. आता हा गुपचूप खिशात घालणार, मी मनात म्हटलं. पण तो अंगठ्याने तिला जाळीवर हळूहळू चोळू लागला. "चल गं," एवढंच म्हणाला. मला माझ्या संशयाची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या कपाळावर काकू होत्या, थोड्या थोड्या. नवी पाती आली की तशीच गाठ मारीन, असं लेकीने बाबांना सांगितलं. तिला ती येते, काकूंनीच शिकवलेली.

मग ती मला घासायला निघाली. "राहू दे," राखणदार म्हणाला. त्याला कळलं होतं की काय? जन्मभर मी दुसऱ्यांवर संशय घेतला आणि चोरी मात्र मीच केली होती. त्या गाठीची चिमूटभर राख मी माझ्या सैल कडेत दडवून ठेवली होती.

तेव्हा मित्रांनो, घरातली जुनी चाळण भंगारात टाकण्याआधी तिची कड एकदा नीट बघा. तिथे तुमचं कुणीतरी असेल.