‘डचेस’ची एकमेव मर्दुमकी

‘डचेस’ मुळात सहलीची आगबोट. अमेरिकेतल्या कंबरलँड नदीवर नाचगाण्याची मंडळी आणि कापसाचे गठ्ठे वाहायची. उत्तर-दक्षिणेचं यादवी युद्ध पेटलं, तसा उत्तरेच्या आरमाराने तिच्या अंगावर पत्रा ठोकला, तोफा चढवल्या आणि तिला युद्धनौका म्हणायला सुरुवात केली. तिनेही मग पराक्रमाची शर्थ केली. वाळूत रुतली, आपल्याच बाजूचा कोळशाचा पडाव बुडवला, आणि नेम धरून मारलेला एकही गोळा चुकूनसुद्धा नेमावर बसू दिला नाही.

सुकाणूवर एनॉस टिलसन होता, याच काठावर वाढलेला. पीचट्री धक्क्यावरच्या वखारीतून काल आपल्यावर गोळी झाडली गेली, आज वखार उडवायची, असं कॅप्टन क्रेनने फर्मावलं आणि एनॉसने गर्रकन मागे वळून पाहिलं. वखारीमागच्या गावात त्याची आई राहत होती.

“साहेब, गावात बायकामुलं आहेत.”

“आपण वखारीवर मारणार आहोत, टिलसन. गावावर नाही.”

“म्हणूनच म्हणतोय!”

वळण आलं तसा एनॉसने शिट्टीचा दोर ओढला. एक लांब, दोन आखूड.

“शत्रूला आवतण देतोस का रे?” कॅप्टन किंचाळला.

“आंधळ्या वळणावर शिट्टी द्यावीच लागते. नदीचा रिवाज आहे. आणि सुकाणूच्या खोलीत कॅप्टनचं चालत नाही, साहेब.”

युद्धाआधीच्या फेऱ्यांत ही एनॉसची खूण होती. ती ऐकली की आई लेकासाठी चुलीवर भाकरी टाकायची आणि मीठ न् टपाल घ्यायला सगळं गाव घरं सोडून धक्क्यावर यायचं. आजही आलं. म्हातारे आले, लेकुरवाळ्या आल्या, कुणी अंडी विकायला आणली. देश दुभंगला तरी सवय शाबूत होती. सर्वांत शेवटी फडक्यात काहीतरी गुंडाळून आई आली, तेव्हा कुठे एनॉसचा जीव भांड्यात पडला; ‘डचेस’ नेम धरेल, तिथे गोळा कधीच पडत नसे.

कॅप्टनने माणसांच्या डोक्यांवरून वखारीवर तोफ डागली. वखार जागची हलली नाही. गोळा तिच्यावरून टेकाडावर गेला आणि धुराडं धुमसत असलेल्या निळ्या दाराच्या घरावर नेमका बसला. ते घर टिलसनांचं होतं.

शत्रूचा तळ उद्ध्वस्त झाल्याचं कॅप्टनने वर कळवलं. पुढे त्याला बढतीही मिळाली.

त्या दिवशी बोट काठाला लागली. कठड्याशी येऊन आईने फडक्यातली मक्याची गरम भाकरी लेकाच्या हातात कोंबली.

“निवायच्या आत खा,” ती म्हणाली. “आणि एनॉस, पुढल्या खेपेला शिट्टी देऊ नकोस. मी भाकरी कुठे टाकू?”