मंगळवार-गुरुवारचे साहेब

मोशे अष्टमकर निवृत्त झाले तेव्हा तळोज्याच्या रंगाच्या कारखान्यात त्यांच्या हाताखाली चारशे माणसं होती. निवृत्तीनंतर उरली एक, आणि ती त्यांच्या हाताखाली नव्हती. हेप्झिबा अष्टमकर तीस वर्षं शाळेत गणित शिकवून घरी बसलेल्या. नवऱ्यानं स्वयंपाकघरातले डबे मापाप्रमाणे लावून त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, त्या दिवसापासून त्या त्याच्यासाठी काम शोधायला लागल्या.

काम अष्टमकरांनीच शोधलं. हे दोन हजार चौदा साल. एका जुन्या सहकाऱ्यानं त्यांना सांगितलं, की आता लहान धंद्यांना मोठा साहेब परवडत नाही, पण गरज तर असते. मग साहेब अर्धाच घ्यायचा. आठवड्यातून दोन दिवस. अनुभव सगळा, हजेरी थोडी. अष्टमकरांना ही कल्पना इतकी आवडली, की त्यांनी दुसऱ्याच दिवशी कार्डं छापायला टाकली : ‘मोशे अष्टमकर, अंशकालीन मुख्य कार्यकारी अधिकारी’.

हेप्झिबाबाईंनी चष्मा लावून कार्ड वाचलं. “आरोग्य उपकेंद्रात झाडलोट करायला बाई असते ना, तिला अंशकालीन म्हणतात.”

“ती परिचर. मी अधिकारी.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि कार्ड भाजीच्या यादीला वापरलं.

पहिलं गिऱ्हाईक मात्र शेवटी हेप्झिबाबाईंनीच आणलं. किशोरी कोळी त्यांच्या घरी मासळी पोचवायची. उरणच्या करंज्याची मुलगी, पनवेलला दिलेली. आधी ती पाटी घेऊन दारोदार फिरायची. मग खारघरला इमारती उठल्या आणि तिथल्या नोकरदार बायकांना साफ करून, तुकड्या पाडून मासळी हवी असायची. किशोरीनं फोनवर ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. तीन वर्षांत उरण नाक्याजवळ एक गाळा, मासळी कापणाऱ्या अकरा बायका आणि चार स्कूटरवाले इतका पसारा झाला. आणि किशोरीचा फोन कानाला जो चिकटला तो सुटेना. कुणाचे बोंबील कुणाकडे गेले, कुणाची कोळंबी सोललीच नाही, सगळ्याला एकटी किशोरी.

“बाई, मला एक मॅनेजर पायजे हो,” ती दाराच्या चौकटीला हात टेकून म्हणाली. “पन पुऱ्या महिन्याचा नाय परवडत.”

“माझ्याकडे एक रिकामाच आहे,” हेप्झिबाबाई म्हणाल्या. “आठवड्यातून दोन दिवस घेऊन जा. जास्त दिवस ठेवलास तरी माझी हरकत नाही.”

वाटाघाटी अष्टमकरांच्या दिवाणखान्यात झाल्या. अष्टमकर बेने इस्रायली; शनिवार त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, तेव्हा तो नको. रविवारी दुपारी झोप. सोमवारी बँकेची कामं. त्यांनी डायरी उघडली आणि कारखान्यातल्या आवाजात सांगितलं, “मंगळवार आणि गुरुवार. दहा ते पाच.”

किशोरीनं तोंड उघडलं, मिटलं, मग म्हणाली, “चालंल सर.”

हा आपल्या दराऱ्याचा परिणाम, असं अष्टमकरांना वाटलं.

गाळ्यात त्यांनी धडाक्यानं काम सुरू केलं. भिंतीवर पांढरा फळा लावला. त्यावर लाल, पिवळे, हिरवे ठिपके. लाल म्हणजे गोंधळ, पिवळा म्हणजे सावध, हिरवा म्हणजे सुरळीत. ऑर्डरीसाठी चौदा रकान्यांचा तक्ता केला. किशोरीची सासू ठमाबाई अकरा बायकांची मुकादम होती. पासष्टीची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, “सायेब, तुमी कोलंबी खाता?”

“नाही. आमच्यात चालत नाही. खवले आणि पर असलेला मासाच चालतो.”

“चिंबोरी?”

“नाही.”

“मंग आमच्या निम्म्या धंद्याची तुमाला चवच ठावं नाय,” ठमाबाई म्हणाली आणि बायका विळीवर ओणव्या होऊन हसल्या. त्या दिवसापासून गाळ्यात त्यांचं नाव ‘अर्धे सायेब’ पडलं. अष्टमकरांनी ते ऐकलं आणि नव्या व्यवस्थापनशास्त्राशी जुळतं म्हणून मान्यही केलं.

तीन महिने फळ्यावर एकही लाल ठिपका आला नाही. मंगळवारी बघावं तर शांतता. गुरुवारी बघावं तर त्याहून शांतता. बायका लसूण निवडत बसलेल्या, स्कूटरी ओळीनं उभ्या. अष्टमकर जुन्या मित्रांना फोनवर सांगायचे, “अरे, काही करावंच लागत नाही. मी नुसता जाऊन बसतो आणि सगळं आपोआप शिस्तीत येतं. काही माणसांच्या असण्यातच व्यवस्थापन असतं.”

एका गुरुवारी किशोरी त्यांच्या टेबलाशी आली. “सर, येत्या रविवारी करंज्याला भैनीचा साखरपुडा हाय. तीन वर्सांत मी एक रविवार सुटी घेतली नाय. जाऊ का?”

“जा की! यंत्रणा उभी आहे. यंत्रणेला माणूस लागत नाही.”

“तुमी येनार?”

“मी कशाला?”

पण घरी हेप्झिबाबाईंनी विचारलं, “जहाज चालतंय म्हणतोस, तर कप्तानानं एकदा समुद्र बघायला काय हरकत आहे?” आणि अष्टमकर रविवारी सकाळी साडेसहाला इस्त्रीचा शर्ट आणि पॉलिशचे बूट घालून गाळ्यावर हजर झाले.

आत पाय ठेवला आणि त्यांना वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच गाळ्यात आलो. करंज्याहून टेम्पो आला होता. बर्फाच्या पाट्या, पापलेटांचे ढीग, पाणी वाहतंय, दोन फोन एकदम वाजतायत. एकशे ऐंशी ऑर्डरी. त्यांच्या फळ्यावर बायकांनी पिशव्या आणि ओढण्या टांगल्या होत्या. ठिपके दिसत नव्हते, पण एकही हिरवा नसणार हे उघड होतं.

त्यांनी टाळी वाजवली. “चौदा रकान्यांचे तक्ते काढा!”

कुणी वर बघितलं नाही. तक्ते निघाले ते मासळी गुंडाळायच्या कागदांत.

अष्टमकर डगमगले नाहीत. त्यांनी गिऱ्हाइकांची नावं अकारविल्हे लावली आणि त्या क्रमानं पिशव्या स्कूटरवर चढवल्या. कारखान्यातल्या भांडारात हीच पद्धत होती, आणि तिथं ती उत्तम चालायची, कारण भांडारातले डबे खारघरला राहायला नव्हते. तासाभरानं कुंदन परत आला. चाळिशीचा गडी, पूर्वी सहा आसनी रिक्षा चालवायचा.

“साहेब, एक विचारू? अत्रे खारघरला. आंबेकर नवीन पनवेलला. इनामदार परत खारघरला, अत्र्यांच्याच जिन्यात. त्यांनी मला दोनदा बघून पाणी विचारलं. आता उपाध्ये कामोठ्याला आहेत. जाऊ, की अजून काही अक्षरं मधे आहेत?”

तोवर फोन सुरू झाले होते. खारघरमध्ये साई या नावानं सुरू होणाऱ्या बारा इमारती आहेत हे अष्टमकरांना त्या सकाळी कळलं. साई सागरची सुरमई साई शिखरला गेली, साई शिखरची चिंबोरी जिवंतच साई दर्शनला गेली आणि तिथं स्वयंपाकघरात फिरली. एका बाईंनी विचारलं, “माझ्या पापलेटाचं डोकं कुठाय? किशोरी नेहमी डोकं ठेवते.” दुसऱ्या म्हणाल्या, “कालवणाच्या तुकड्या सांगितल्या होत्या, या तळायच्या आहेत.” अष्टमकरांनी आयुष्यभर दोन्ही प्रकार आवडीनं खाल्ले होते. तुकड्या वेगळ्या असतात हे बासष्टाव्या वर्षी कळत होतं.

नऊ वाजता त्यांनी खिशातून स्वतःचा फोन काढला आणि किशोरीचा नंबर शोधला. ओला, खवल्यांनी माखलेला हात मनगटावर पडला. ठमाबाई.

“तिला फोन नाय करायचा.”

“अहो, पण सगळं तिच्या डोक्यात आहे!”

“हाय ना. म्हनून तिचं डोकं दुखतं.” ठमाबाईनं फोन त्यांच्या खिशात परत सरकवला. इस्त्रीच्या शर्टावर पाच बोटं उमटली. “आज पोरीला माहेरी बसून जेवू द्या.”

अष्टमकर उभेच राहिले. चारशे माणसं, छत्तीस वर्षं, तीन सन्मानचिन्हं. यातलं काही हाताशी येईना. मग त्यांनी जे कारखान्यात कधी केलं नव्हतं ते केलं. “ठमाबाई,” ते म्हणाले, “मला काही कळत नाही. मी काय करू?”

“आधी ते बूट काढा. घसरून पडाल, मंग तुमचीबी ऑर्डर पोचवावी लागंल.”

बूट निघाले, विजार गुडघ्यापर्यंत गेली. ते बायकांच्या मधोमध पाटावर बसले आणि विचारू लागले. पापलेटाचं डोकं कोणाला लागतं? जोशीबाईला, शेजारच्या विळीवरची भामा म्हणाली, कापता कापता. लहान तुकड्या? साई दर्शन, दुसरा मजला, घरात म्हातारं माणूस हाय. बायकांना सगळं ठाऊक होतं. किशोरी आधीच ओरडून सांगायची, म्हणून त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं. अष्टमकर थर्माकोलच्या खोक्यांच्या झाकणांवर मार्करनं लिहीत सुटले : नाव, कुठं, कसं कापायचं. तीनच गोष्टी. पत्त्यांची विभागणी कुंदननं केली, कारण रस्ते त्याला ठाऊक होते. उरलेली एक पिशवी घेऊन अष्टमकर स्वतः रिक्षानं खारघरला गेले. दार उघडणाऱ्या आजींनी त्यांच्या अनवाणी पायांकडे बघितलं. “या वयात काम करावं लागतं का हो? या, सरबत घ्या.” त्यांनी सरबत घेतलं. कार्ड मात्र दिलं नाही.

दीडला शेवटची पिशवी पोचली. तेवीस तक्रारी. किशोरी असताना सहा-सात असायच्या.

मंगळवारी ते कबुलीजबाब पाठ करून गाळ्यावर गेले. “किशोरी, मी काम सोडतो. तीन महिने मी एका बंद दुकानाचं व्यवस्थापन करत होतो. मंगळवारी, गुरुवारी मासळी खातंच कोण!”

“कोनीच नाय, सर.”

“मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?”

“तुमी येवढं ठाम सांगितलंत,” किशोरी म्हणाली. “मला वाटलं, मोठ्या कंपनीत असंच करत असतील.”

अष्टमकरांनी जरा आठवून बघितलं. तसंच करत होते.

“पन सर, रविवारी मला एक फोन आला नाय. मी भैनीला सोता हलद-कुंकू लावलं. पंगतीत बसले. गरम जेवले.” तिचा आवाज बारीक झाला. “तेवीस जनांची मी माफी मागीन. तुमी सोडू नका. फक्त वार बदला.”

वार बदलले. बुधवार आणि रविवार. फळा खाली उतरवून त्याचा मासळी सुकवायला उपयोग झाला. गिऱ्हाइकांच्या आवडी एका जाड वहीत उतरल्या, बायकांनी सांगून, अष्टमकरांनी लिहून. खारघरच्या ऑर्डरी भामाकडे दिल्या, पनवेलच्या कुंदनकडे. किशोरीचा फोन दिवसातून दोन तास टेबलावर पडून राहू लागला, आणि पहिले काही दिवस ती त्याच्याकडे तान्ह्या मुलाकडे बघावं तशी बघायची. तक्रारी चारवर आल्या.

वर्षानं धंदा इतका वाढला, की पूर्ण वेळेचा मॅनेजर परवडू लागला. शशिकला नावाची हुशार मुलगी आली. अष्टमकरांना दोन दिवस वाईट वाटलं, मग त्यांनी आठ मिनिटांचं निरोपाचं भाषण लिहिलं. शेवटच्या रविवारी ते खिशात घालून गेले. दोनशे साठ ऑर्डरी होत्या. भामा आवडीनिवडी सांगत होती, शशिकला लिहीत होती, कुंदन स्कूटरी सोडत होता, किशोरी एका कोपऱ्यात बसून चक्क नाश्ता करत होती. ठमाबाईनं पापलेट कापता कापता वर बघितलं.

“काय सायेब, वाटंत उभं ऱ्हाऊ नका.”

ते बाजूला झाले. कुणाला त्यांची गरज नव्हती. भाषणाला जागाच नव्हती. बाहेर येऊन त्यांनी रिक्षाला हात केला आणि आपण चक्क शीळ घालतोय हे त्यांच्या लक्षात आलं.