भोपळ्यावरचा पहिला घाव

एकोणीसशे एकतीसचा दसरा झाला आणि सोलापूरच्या गिरणीमागच्या वस्तीत घरोघर हिवताप शिरला. रुक्मिणीची सात वर्षांची प्रेमला चार दिवस कोयनेलच्या कडू गोळ्यांवर होती. ताप उतरला, पण पोरगी भाकरीकडे बघेना. पाचव्या दिवशी तिनं आपण होऊन मागितली ती भोपळ्याची भाजी, गूळ आणि शेंगदाण्याचं कूट घातलेली. भोपळा दारातल्याच वेलावर होता. चिरायला पुरुष नव्हता.

बाईनं अखंड भोपळा चिरायचा नाही, ही त्या घरची रीत. पहिला घाव पुरुषानं घालायचा, मग बाईनं हव्या तेवढ्या फोडी कराव्यात. तिनंच घाव घातला तर घरातला मुलगा दगावतो म्हणे. रुक्मिणीचा नवरा दोन वर्षांमागं वारला होता. अंगणापलीकडे थोरला दीर सिद्धनाथ राहायचा. नवऱ्यामागं रुक्मिणीनं वेगळी चूल मांडली, गिरणीत सूत गुंडाळायला जाऊ लागली, याची त्याला भयंकर चीड. असली माणसं वर्षानुवर्षं संधीची वाट बघत बसतात.

“भावजी, एवढा एक घाव घाला,” रुक्मिणी म्हणाली. “पोरीनं चार दिस अन्न घेतलं न्हाय.”

सिद्धनाथ बाजेवरून उठलाही नाही. “चूल मोड. गिरणी सोड. आमच्यात येऊन राब, मग घालतो.”

“आन् न्हाय मोडली तर?”

“तर कुजू दे वेलावर. गल्लीतल्या कुणी विळा लावला, तर त्याचं तंगडं मोडीन.”

उंबऱ्यात सासू म्हाळसाबाई सिद्धनाथच्या मुलाला, नंदूला, मांडीवर घेऊन बसली होती. रुक्मिणी तिच्याकडे वळली.

“आत्याबाई, तुमी बी तरण्यापणीच रांडावला हुता की. तुमचा भोपळा कोण चिरत हुतं?”

म्हातारी फणकारली. “ह्यो सिद्धनाथ दोन वर्साचा हुता. त्याच्या मुठीत विळा दिला, वरनं मी दाबला. माज्याकडं पोराचा हात हुता. तुज्याकडं काय हाय?”

“पोरीचा हाय,” रुक्मिणी म्हणाली.

तिनं भोपळा तोडून भर अंगणात ठेवला. प्रेमलाला उचलून आणलं, तिच्या मुठीत विळा दिला आणि वरून दोन्ही हातांनी दाबला. सालीवर आधी नुसतीच रेघ उठली. दुसऱ्या वेळेला रुक्मिणीनं सगळा संताप त्या विळ्यावर टाकला आणि भोपळा फुटला.

“नंदूला कापलं गं ह्या कार्टीनं!” म्हाळसाबाईनं ऊर बडवून गल्ली गोळा केली.

सिद्धनाथ वेलापाशी येऊन थुंकला. “आजपासनं तुमी दोघी आमाला मेलात.” त्यानं आईला आणि नंदूला आत ढकललं आणि दाराला कडी घातली.

रुक्मिणीनं मेथीदाण्याची फोडणी दिली, फोडी मऊ शिजवल्या, गूळ आणि कूट जरा जास्तच घातलं. ताटली पुढं ठेवली, तरी प्रेमला हात लावीना.

“आये, नंदू मेला?”

“न्हाय गं बाई. खा.”

“आजी म्हनली की, मी कापलं त्येला.”

रुक्मिणीच्या अंगाची लाही झाली. म्हातारीची जीभ उपटावी असं तिला वाटलं. पण पोरगी उपाशी होती. ती अंगण ओलांडून गेली आणि बंद दारावर थाप मारली.

“भावजी, नंदूला एक डाव दाखवा. त्येला बघितल्याबिगर पोरगी घास घेईना.”

“दार उघडायचं न्हाय!” आतून सिद्धनाथ गरजला. “मरू दे उपाशी.”

रुक्मिणीनं पुन्हा थाप मारायला हात उगारला. तेवढ्यात आत नंदूनं भोकाड पसरलं. फोडणीचा वास त्याच्यापर्यंत पोचला होता.

“मला बी भोपळा पायजे!”

फाडकन आवाज आला. मग आणखी एक. नंदू असा बोंबलला की सगळ्या गल्लीनं ऐकलं.

रुक्मिणी परतली तेव्हा प्रेमला उंबऱ्यात येऊन अंगणापलीकडे कान लावून बसली होती.

“रडतोय की गं त्यो!” ती म्हणाली, आणि तिनं ताटली पुढं ओढली. पलीकडे तिसरी चपराक बसली, तोवर तिचा दुसरा घास गिळून झाला होता.