बंदीचे दोन महिने

हैबतीनं पाटीचा शेवटचा खिळा उपटला, तशी पाटी कलली आणि त्याच्या खांद्यावर आली. 'पावसाळ्यात मासेमारीस सक्त मनाई आहे.' पत्रा गंजला होता, पण अक्षरं ठळक होती. दर जेठात तोच ती नव्यानं रंगवायचा.

"जीपमध्ये टाक," खात्याचे साहेब म्हणाले. "आता तिचं काम नाही."

भाटघर धरणाचं पाणी डोंगरात लांबवर शिरलं होतं. त्याच्या एका फाट्यावर, पत्र्याच्या चौकीत, हैबती मत्स्यव्यवसाय खात्याचा राखणदार होता. एकाहत्तर सालचा जेठ सरत आला होता. पाणी तळाला गेलं होतं आणि काठावरच्या चिखलाला भेगा पडल्या होत्या.

"म्हंजी आखाडात बी जाळी पडनार, साहेब?"

"बाराही महिने. बंदी कशासाठी होती? माशांनी अंडी घालावीत म्हणून. आपले कटला, रोहू या साचलेल्या पाण्यात अंडी घालतच नाहीत. बीज आपण बाहेरून आणून सोडतो. तूच सोडतोस की. मग दोन महिने लोकांचा धंदा कशाला बुडवायचा?"

हैबतीला ते पटलं. डब्यातून आलेलं बोटभर बीज गुडघाभर पाण्यात उभं राहून तोच सोडत आला होता. त्यानं मान हलवली आणि पाटी जीपमध्ये उपडी ठेवली.

साहेबांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "तुझी नोकरी जात नाही. उलट आता माणसांत राहशील. एकट्याला करमत नसेल इथं."

"व्हय," हैबती म्हणाला.

जीप गेल्यावरही तो पाटीच्या मोकळ्या खांबाशी बराच वेळ उभा होता.

हैबती कामथडीचा, बौद्धवाड्यातला. बायको सोजराबाई तिकडंच पोरं आणि भाताची दोन खाचरं सांभाळून होती. चौकीत आला तेव्हा त्याला वाटलं होतं, सरकारी माणूस म्हणून वरच्या वाडीतले लोक येतील-जातील. लोक रामराम करायचे, पण अंगणाच्या कडेवरूनच. दूध घालायला येणारी अक्काबाई चरवी उंच धरून त्याच्या भांड्यात वरूनच धार सोडायची. मनानं ती वाईट नव्हती. एकदा त्याला ताप आला तेव्हा काढ्याचा पाला दारात ठेवून गेली होती. दारात.

बंदीच्या दोन महिन्यांत तर काठ पार ओस पडायचा. धुकं उतरायचं, वरची वाडी दिसेनाशी व्हायची. कधीकधी हैबती स्वतःशीच मोठ्यानं बोलायचा आणि आपलाच आवाज ऐकून गप्प व्हायचा.

पहिल्याच आखाडात त्यानं सोनबाला धरलं. वाडीतला साठीचा माणूस, बायको वारलेली, पोरं मुंबईला गिरणीत. धुक्याचा फायदा घेऊन तो चौकीच्या खालच्या अंगाला फेकजाळं टाकत होता. हैबतीनं जाळ्याला हात घातला.

"बंदी हाय, तात्या."

"बंदी तुझ्या सरकारची. ह्या पान्याखाली माझ्या बापाचं वावर हाय. त्या तिथं हीर हुती. मी माझ्या वावरात उभा हाय."

"वावरात उभं ऱ्हावा. जाळं टाकू नगा."

सोनबा एकाएकी हसला. तेवढ्यात पावसाची मोठी सर आली, तसे दोघंही चौकीत पळाले. चुलीवर गुळाचा कोरा चहा उकळत होता. हैबतीनं जर्मनचा पेला भरला, आणि मग तो हातात धरून नुसताच उभा राहिला. पुढं करावा की नाही, त्याला ठरवता येईना.

सोनबानंच हात लांब केला. "दे की. हितं कोन बगतंय?"

असे आठ आखाड गेले. हैबती जाळं जप्त करून खुंटीला अडकवायचा, श्रावण सरला की परत द्यायचा. आणि पुढच्या आखाडात सोनबा पुन्हा जाळं घेऊन यायचा. धरून झालं की दोघं चौकीत बसायचे. सोनबा बुडालेल्या गावाच्या गोष्टी सांगायचा. कुणाच्या दारात चिंच होती, देवळापुढची वाट कुठं वळायची. हैबती त्याला दीक्षेनंतर आपल्या वाड्यानं जुने देव नदीत कसे सोडले ते सांगायचा. सोनबा ऐकून घ्यायचा. एकदा म्हणाला, "लई धीर लागला आसंल." एवढंच. पण असं कुणी कधी हैबतीला म्हणालं नव्हतं.

बाकीचे दहा महिने सोनबा फारसा दिसायचा नाही. दिसला तर माणसांत असायचा आणि मान हलवून पुढं जायचा. हैबतीनं त्याचा कधी विचार केला नाही. कामाच्या दिवसांत कोण कुणाशी बोलत बसतो, असंच त्याला वाटायचं.

बंदी उठली तो आखाड आला. पहिल्याच दिवशी सकाळपासून काठ माणसांनी भरला. वाडीतल्यांनी मिळून होडी घेतली होती, सोनबाचा पुतण्या चिमाजी तिच्या टोकावर उभा राहून ओरडत होता. सोनबाही होता. हैबतीला आनंद झाला. त्यानं चुलीवर मोठं पातेलं ठेवलं, उधारीवर आणलेला जास्तीचा गूळ घातला, आणि पेला भरून उताराला खाली गेला.

"तात्या, च्या."

सोनबानं मागं वळून पाहिलं. चिमाजीनंही पाहिलं. आणखी दोघांचे हात जाळ्यावर थांबले.

"आमी घरनं पिऊन आलो," सोनबा म्हणाला, आणि जाळ्यातलं गवत काढायला लागला.

हैबती पेला घेऊन वर आला. चढ नेहमीचाच होता, पण त्याला मध्ये थांबावं लागलं. चौकीत आल्यावर त्यानं चहा परत पातेल्यात ओतला आणि पातेलं झाकून ठेवलं. तो काही रागावला नव्हता. आठ वर्षं मागं जाऊन एकेक गोष्ट पुन्हा तपासावी, तसा तो भिंतीला टेकून बसून राहिला.

त्यानंतर रोज काठावर गलका असायचा. हैबती मासळी तोलून द्यायचा, माणसं त्याच्याशी बोलायची, तोल बरोबर आहे म्हणायची. साहेब म्हणाले होते तसा तो माणसांत आला होता. दिवस बुडता माणसं वाडीत जायची आणि तो चूल पेटवायचा. आता तो स्वतःशी बोलत नव्हता.

बेंदराच्या दिवशी पाण्यावर कुणी आलं नाही. सगळी वाडी बैलांच्या मागं होती. वरून ढोलाचा आवाज येत होता. दुपारी धुकं खाली उतरलं. हैबती मासळी तोलायचा काटा पुसत बसला होता, तेव्हा सोनबा वाडीकडून उतरून आला. हातात जाळं नव्हतं. पानात गुंडाळलेल्या दोन पुरणपोळ्या होत्या. त्या त्यानं हैबतीच्या हातात दिल्या, हाताला हात लागू दिला, आणि आपल्या नेहमीच्या जागी चुलीपाशी बसला.

"आज कुनी न्हाई," तो म्हणाला.

"व्हय."

"ठिव की च्या."

हैबती उठला नाही. त्यानं पोळ्या फळीवर नीट ठेवल्या. मग तो सोनबाच्या समोर येऊन बसला.

"उद्या ठिवतो, तात्या."

"उद्या?"

"उद्या समदी असत्याल. उद्या या."

सोनबानं काडीनं चुलीतली राख उकरली. वर ढोल थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मग गुडघ्यावर हात ठेवून तो उठला. दारात थोडा थांबला.

"वाडीत ऱ्हायाचं आसतंय, हैबती."

"मला ठावं हाय."

सोनबा धुक्यात चढून गेला. त्याची पावलं ऐकू येईनाशी झाली तरी हैबती दारातच होता. बोलावलं तर तो अजून परत फिरेल, हे त्याला कळत होतं. एक हाक पुरली असती. त्यानं दाराची चौकट घट्ट धरली होती.

दुसऱ्या दिवशी आकाश मोकळं होतं. माणसं आली, होडी पाण्यात गेली, चिमाजीचा आवाज काठाकाठानं घुमू लागला. हैबतीनं चुलीतला विस्तव बाहेर आणला. चौकीपुढच्या उघड्या जागेवर, सगळ्या काठाला दिसेल असे तीन दगड मांडून त्यानं पातेलं ठेवलं. उकळीचा वास उताराला खाली गेला. एकदोघांनी वर पाहिलं आणि ते पुन्हा कामाला लागले.

सोनबा कमरेइतक्या पाण्यात होता. त्यानं जाळ्याची दोरी चिमाजीच्या हातात दिली. चिमाजी काहीतरी म्हणाला. तो पाण्यातच, चौकीकडं तोंड करून उभा राहिला.

हैबतीनं हाक मारली नाही. तो पेला धुवायला खाली वाकला.