जिना हलवायचा नाही

जिना चुकलाय, हे बोहुमिलला दुसऱ्याच दिवशी कळलं. पण कळून काय करणार, कपाळ?

वास्तुकलेच्या त्या स्पर्धेची रीतच तशी होती. न्यूयॉर्कमधल्या सगळ्या उमेदवारांना ‘शहराचं ग्रंथालय’ हा विषय देऊन दिवसभर फळ्यांच्या खोपट्यांत एकेकट्याला कोंडलं. पुस्तक नाही, सल्ला नाही. संध्याकाळी कच्चं चित्र परीक्षकांच्या हवाली करायचं, नक्कल घरी न्यायची आणि पुढचे पाच आठवडे तेच चित्र सजवायचं. मूळ कल्पनेपासून जरा सरकलात की बाद. जिंकणाऱ्याला पॅरिसचं शिक्षण फुकट. वयाच्या अटीमुळे बोहुमिलची ही शेवटची खेप होती.

कोंडलेल्या माणसाला शहाणपण थोडंच सुचतं! त्याने संगमरवरी जिना वाचनाच्या दालनाच्या बरोब्बर मधोमध ठोकून दिला होता.

लुदमिला, त्याची बायको, सिगारच्या कारखान्यातून दमून आली. टेबलावर जेवणाऐवजी नक्कल पसरलेली पाहून ती खाली वाकली.

“आणि लोकांनी वाचायचं कुठे? ह्या जिन्यामागे, अंधारात?”

“दिसतंय मला.”

“मग हलव की!”

“हलवता येत नाही. नियम आहे.”

“स्वतःची चूक स्वतःच सुधारायची नाही? कुठल्या शहाण्याने केलाय हा नियम?”

बोहुमिल चिडला, कारण तिचं म्हणणं खरं होतं. त्या आठवड्यात त्याने दुसरा नकाशा काढलाच. जिना भिंतीकडे नेला, साधा, अरुंद केला, आणि दालन एकदम मोकळं झालं. इतकं नीट काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. आनंदाने तो हॅलम सरांकडे धावला. दिवसभर कचेऱ्यांमध्ये रेघा ओढणाऱ्या पोरांना हॅलम सर संध्याकाळी वास्तुकला शिकवत.

सरांनी बराच वेळ नकाशा पाहिला.

“फार सुरेख. आता फाडून टाक.”

“सर, हे एकोणीसशे बारा साल आहे! तिकडे जर्मनीत काचेच्या भिंती उभ्या राहताहेत. इथे ब्रॉडवेवर नव्या इमारतीचा लोखंडी सांगाडा ढगात घुसलाय. आणि आपल्याला एक जिना सरकवता येत नाही?”

“सांगाडेवाल्याला पॅरिसला जायचं नाहीये. तुला जायचंय. पहिलं चित्र म्हणजे दिलेला शब्द, बाळा. गेल्या साली माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी असाच बाद झाला.”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बोहुमिलने मुकाट्याने नको तो जिना रंगवायला घेतला. पातळ शाईचे हात एकावर एक देत त्याने संगमरवराला अशी झळाळी आणली की सरांचे बाकीचे विद्यार्थी घरी येऊन वाहवा करू लागले. प्रत्येक वाहवेला त्याला कुंचला भिंतीवर फेकावासा वाटे. लुदमिलाने तर टेबलाकडे बघणंच सोडलं.

निकाल लागला. पॅरिस दुसऱ्याच कुणाला मिळालं. बोहुमिलच्या चित्रावर तिसऱ्या क्रमांकाची चिठ्ठी होती. हॅलम सर त्याला परीक्षकांच्या प्रमुखाकडे घेऊन गेले. म्हातारा मोठा प्रेमळ निघाला.

“तुमचा हात काय आहे हो! पण तो जिना? सगळा उजेड गिळून बसलाय. पाच आठवड्यांत एकदाही मनात आलं नाही, की हा बाजूला घ्यावा?”

“दुसऱ्या दिवशीच आलं. तसा नकाशाही काढला होता.”

“मग पाठवला का नाहीत?”

“तुम्ही बाद केलं असतं!”

“केलंच असतं,” म्हातारा शांतपणे म्हणाला. “नियमच आहे. पण बाद करण्याआधी आम्ही सगळे चांगला तासभर त्याच्यापुढे उभे राहिलो असतो. आमच्यातल्या एखाद्याने दुसऱ्या दिवशी तुम्हाला आपल्या कचेरीत बोलावून घेतलं असतं. गेल्या साली असाच बाद झालेल्या ह्यांच्या विद्यार्थ्याला मीच बोलावलं. आज माझ्याकडे तोच सगळे नकाशे काढतो.”

बोहुमिलने हॅलम सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

“तुम्हाला हे ठाऊक होतं, सर?”

“तू पॅरिस म्हणालास, बाळा,” सर म्हणाले. “नोकरी म्हणाला नव्हतास.”