गुरुवारचं मंडळ

सर्जन मंडळींच्या मनःस्वास्थ्याची काळजी घ्यायचं इस्पितळाने ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी सभागृहातल्या खुर्च्या गोल मांडल्या. दर गुरुवारी दुपारी मंडळ. भिंतीवर सूर्योदयाचं पोस्टर, टेबलावर कापलेली फळं आणि पहिल्या दिवशी मोठ्या सरांचं भाषण. “काम काही कमी होणार नाही, पण मन मोकळं केलंत की ताण कमी होईल,” असं सर म्हणाले, आणि तेही न हसता.

मंडळ चालवायचं काम लंबूकडे आलं. लंबू म्हणजे बाईंचा कॉलेजपासूनचा मित्र आणि इस्पितळात यकृताची ऑपरेशनं करणारा दुसरा सर्जन. पहिल्या अर्थात बाई. सगळं ऑपरेशन थिएटर त्यांना ‘बाई’च म्हणायचं, अगंतुगं करायचा तो एकटा लंबू.

हिवाळ्यात बाईंच्या टेबलावर यकृत फाटलेली एक बाळंतीण गेली होती. चौकशीत कुणाचीच चूक निघाली नाही, सगळे आपापल्या कामाला लागले. बाईही लागल्या, पण ऑपरेशनआधी बेसिनपाशी हात धुवायला उभ्या राहिल्या की धुतच राहायच्या. पाय आत जायला तयार नसत. आत गेल्यावर मात्र हात नेहमीसारखे चालायचे, त्यांना काही झालं नव्हतं. घरी लेकीवर विनाकारण डाफरायच्या, मग तिच्याआधी स्वतःच रडायच्या. शेवटी नवरा म्हणाला, “अगं, कुणाशी तरी बोल. भिंतीशी बोल, पण बोल.”

बाई लंबूशी बोलल्या. मंडळात नाही, मंडळ उठल्यावर, दोघंच असताना. त्यांना तो जवळचा वाटला याला कारण होतं. थिएटरात एक अलिखित रीत होती. पोट उघडलेलं असताना सर्जन अडला की तो शेजारी निरोप धाडायचा, ‘हात द्या.’ ज्याला निरोप येई तो हातातलं सोडून यायचा, काम निभावून द्यायचा आणि पुन्हा त्याचा उच्चारही करायचा नाही. लंबू आणि बाईंनी एकमेकांना असे किती वेळा हात दिले असतील, आणि कधी ब्र काढला नव्हता. ज्याच्या हाताचा इतका भरवसा, त्याच्या तोंडाचाही तितकाच असणार, असं बाई धरून चालल्या. ही चूक सर्जनच करू जाणे.

“बरं झालं बोललीस,” लंबू म्हणाला. “मी आहे ना.”

सोमवारी मोठ्या सरांनी बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. चहा मागवलाय म्हणजे काहीतरी काढून घेणार, हे बाईंना कळायला हवं होतं.

“काही दिवस मोठी ऑपरेशनं नकोत. हर्निया वगैरे करा, जरा विश्रांती घ्या. हात थरथरतात म्हणे तुमचे.”

“माझे? कोण म्हणालं?”

“तुमचाच माणूस. तुमच्या भल्यासाठीच सांगितलं हो त्याने. आणि त्या शाळामास्तरांच्या यकृतातल्या गाठीचं ऑपरेशन आता तो करेल.”

त्या मास्तरांना बाईंनी शब्द दिला होता, मी स्वतः करीन म्हणून. आता त्यांना काय सांगायचं? आणि हात थरथरतात? हे तर त्या कधी बोलल्याच नव्हत्या. खरं सांगितलं ते सरांपर्यंत गेलं, त्याचं एक वेळ दुःख गिळता आलं असतं. पण जाताना त्याला मीठमसाला लावला गेला होता. बाईंच्या अंगाची लाहीलाही झाली.

“काळजीपोटी सांगितलं गं,” लंबू जिन्यात म्हणाला, बाईंच्या नजरेला नजर न देता.

“माझ्या हातांबद्दल खोटं कशाच्या पोटी सांगितलंस?”

त्यावर तो घाईघाईने वॉर्डाकडे निघून गेला.

मास्तरांच्या ऑपरेशनच्या दिवशी बाई शेजारच्या थिएटरात एक हर्निया शिवून बाहेर येत होत्या. तेवढ्यात सिस्टर धावत आल्या. “बाई, हात द्या म्हणतायत.”

क्षणभर बाईंच्या मनात आलं, मरू दे. मग मास्तर आठवले आणि स्वतःचीच लाज वाटली. भराभर हात धुऊन त्या आत शिरल्या. यकृतामागची मोठी नीला फाटली होती, पोट रक्ताने भरलं होतं, आणि लंबू कापडावर कापड दाबत नुसता उभा होता. बाईंनी त्याला बाजूला केलं, चाचपडत फाटलेली जागा शोधली आणि बोटाखाली दाबून धरली. रक्त थांबलं. मग त्यांनी टाके घातले. मास्तर वाचले. बाईंचा हात जरासुद्धा हलला नव्हता, आणि ते भूल देणाऱ्या डॉक्टरांपासून सिस्टरांपर्यंत सगळ्यांनी पाहिलं.

नंतर लंबू चहाच्या खोलीत आला आणि मटकन बसला. चेहरा पांढराफटक.

“मी सरांना सांगतो, तुझी ऑपरेशनं तुला परत द्या.”

“सांग.”

“ऐक ना. ती बाळंतीण गेली तेव्हापासून सर विचारत होते, दोघांपैकी कोण थकलंय. तुझं नाव घेतलं नसतं तर माझं निघालं असतं.” त्याने डोळे पुसले. “वर्ष झालं, मला झोप नाही गं. आज आत काय करायचं तेच सुचेना. हे मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलेलं नाही. तुलाच सांगतोय.”

तो रडत होता, आणि खरंच रडत होता, एवढं बाईंना कळत होतं. पंधरवड्यापूर्वी त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला असता, त्याला घरी नेऊन जेवायला घातलं असतं. आता आतून काही हललंच नाही, आणि याचा त्यांना लंबूच्या वागण्यापेक्षाही जास्त राग आला.

त्यांनी पर्स उचलली.

“मंडळ गुरुवारी असतं,” त्या म्हणाल्या. “तिथे बोल.”