चंदनाचा हार आणि हयात राजा

मी एका राजाचं तैलचित्र बोलतोय. राजा अजून हयात आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुण्याजवळच्या मांजरी गावात त्यावरून बराच घोळ झाला.

तालुमारी नावाच्या दूरच्या बेटावर, राजेसाहेब तरुण असताना, माझा जन्म झाला. राजेसाहेबांना एका जागी फार वेळ बसवेना, म्हणून चित्रकाराने चेहरा त्यांचा घेतला आणि खांदे एका पहारेकऱ्याचे. ज्या देशाशी मैत्री करायची, तिथे आधी राजाचं चित्र पाठवायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. तालुमारीला उसाची लागवड शिकायची होती. म्हणून मी पुण्याला आलो.

मांजरीचे संभाजीराव हे तालुमारीचे इथले मानद वाणिज्यदूत. ऊस लावता लावता इमारती बांधू लागलेले गृहस्थ. त्यांनी मला दिवाणखान्यात टांगलं. सूनबाई ऋतुजाने खाली इंग्रजीत पाटी लावली. ती कोणी वाचली नाही.

संभाजीरावांच्या आई बायडाबाई मला रोज पुसत. दसऱ्याला सगळ्या घराला तोरणं लागली आणि मीच ओकाबोका दिसतोय म्हणून त्यांनी मला चंदनाचा हार घातला. तेव्हापासून येणारेजाणारे माझ्यासमोर आवाज खाली करू लागले.

"कधी गेले?" शेजारच्या मुक्ताबाईंनी विचारलं.

"जातायत कुठं? गेल्याच म्हयन्यात आल्यात," बायडाबाई म्हणाल्या.

मुक्ताबाईंनी तरीही हात जोडले.

पुढे उसाच्या करारावर सही करायला राजेसाहेब स्वतः येणार असं कळलं. ते येणार त्या दिवशी ऋतुजाने सकाळीच हार उतरवला.

"आजी, जिवंत माणसाच्या फोटोला असा हार घालत नाहीत. त्यांना कळलं तर करार मोडेल."

"बरं," बायडाबाई म्हणाल्या. ऋतुजा आवरायला आत गेली आणि हार पुन्हा माझ्या गळ्यात आला.

राजेसाहेब आले, पण मीच त्यांना ओळखलं नाही. टक्कल पडलेलं, हातात काठी. सोबतचे सचिव पुण्यातल्या कॉलेजात शिकलेले. त्यांनी हार पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "संभाजीराव, महाराज वारल्याचं आम्हाला कळवायचं राहिलं वाटतं."

सचिवांनी कराराची फाइल मिटली.

तेवढ्यात बायडाबाई राजेसाहेबांकडे निरखून बघत पुढे झाल्या. "ह्ये राजाचे वडील व्हय?"

सचिवांनी नाइलाजाने भाषांतर केलं. राजेसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे. हार कशासाठी, असं त्यांनी विचारलं.

"मेल्यावर घातलेला हार कुणाला दिसतोय?" बायडाबाई म्हणाल्या. "मानूस हाय तवर घालावा. एवढ्या लांबनं आपल्या दारात आलाय."

सचिवांनी तेही भाषांतर करून सांगितलं. मग राजेसाहेबांनी काठी ऋतुजाच्या हातात दिली आणि बायडाबाईंपुढे मान वाकवली. बाईंनी माझ्या गळ्यातला हार काढून त्यांच्या गळ्यात घातला. सचिवांनी फाइल उघडली.

हार बेटावर गेला. तिकडे ऊसही चांगला रुजला म्हणे. मी मात्र मांजरीतच आहे. बायडाबाईंच्या ओल्या फडक्याने माझा डावा कान पुसट झालाय आणि मुक्ताबाईंचे हात अजून जोडले जातात.

तुमच्याही भिंतींवर माझे भाऊबंद असतील. त्यांना कोरड्या फडक्याने पुसा, एवढी विनंती. हार मात्र माणसालाच घाला. राजेसाहेबांना त्या दिवशी मान वाकवता आली. मला कधीच येणार नाही.